ओव्हर देताना, ओव्हर घेताना

नर्सची धावपळ सगळ्यांना दिसते. वॉर्ड चालतो तो मात्र बोलण्यावर, आणि ते बोलणं बाहेरच्यांच्या कानावर पडत नाही. मानखुर्द, गोवंडी, शिवाजीनगर या मुंबई पालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या पेशंटांमध्ये मी काम केलंय, त्यातले हे किस्से. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही.

बायकांच्या वॉर्डात एकाच नावाच्या दोघी-तिघी नेहमीच्याच. नवी सिस्टर इंजेक्शन भरून पलंगाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही शबाना ना?" पलंगावरच्या बाईने मान डोलावली. नंबर जाईल या धास्तीने आमच्याकडे माणसं कशालाही हो म्हणतात. सीनियर सिस्टर मागूनच म्हणाली, "थांब. बाई, तुमचं नाव तुम्ही सांगा." नाव भलतंच निघालं. ती पेशंटची नणंद होती. वहिनी बाथरूमला गेली म्हणून जरा पाठ टेकली होती!

तोंडी ऑर्डर लिहून घ्यायची आणि परत वाचून दाखवायची, असा नियम आहे. एका रात्री डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला. फिफ्टीन की फिफ्टी, नीट कळेना. सिस्टरने वाचलं, "बेड नंबर नऊ, एक-पाच, पंधरा." डॉक्टर वैतागले, "हो, पंधराच! किती वेळा सांगू?" तिने शांतपणे पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पलीकडे एकदम गप्प. मग प्रश्न आला, "नऊ कुठे? मी अकरा नंबरचं सांगतोय." डोस बरोबर होता, पेशंट चुकला होता.

सगळ्यात नाजूक वेळ सकाळच्या ओव्हरची, म्हणजे रात्रपाळीने सकाळपाळीला पेशंटांची माहिती सोपवण्याची. रात्रभर जागलेल्या सिस्टरला पनवेलची गाडी गाठायची असते आणि तिला सोडवणारी हार्बरच्या गर्दीत अडकलेली असते. अशाच दोघींचं एकदा बिनसलं. इन्व्हेंटरीत बीपीचा एक कफ कमी भरला आणि दोघींनी एकमेकींवर ढकलला. मग अबोला. ओव्हर नुसती वहीत लिहायची, तोंडातून शब्द नाही. असे बरेच दिवस गेले. एका सकाळी लादी पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "सिस्टर, सहा नंबरने रात्री तांब्यावर तांबे पाणी प्यायलंय हो." सकाळच्या सिस्टरने लगेच शुगर तपासली. ग्लुकोमीटरवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' उमटलं. डॉक्टर धावत आले, इन्सुलिन सुरू झालं, पेशंट वाचला. रात्रीच्या सिस्टरनेही ते पाणी पिणं पाहिलं होतं. वहीत तेवढंच राहून गेलं आणि बोलणं तर बंदच होतं. तो कफ पुढे ऑपरेशन थिएटरच्या कपाटात सापडला.

बोलण्याचा कस संकटातही लागतो. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या नर्स अंजली कुलथे यांनी 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री वॉर्डातल्या 20 गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवलं, हे सर्वश्रुत आहे. बाहेर गोळ्या झडत असताना वीस घाबरलेल्या जिवांना आवाज न चढवता धीर देणं काय असतं, हे वॉर्डात उभं राहिलेल्यालाच कळेल. पुढे त्या हल्ल्यातला दहशतवादी कसाब याच्याविरुद्ध साक्ष द्यायला त्या कोर्टात गेल्या, त्या नर्सच्या गणवेशातच.

म्हणून वॉर्डात सिस्टरने तिसऱ्यांदा नाव विचारलं तरी चिडू नका, पूर्ण नाव सांगा. आणि रात्री पेशंटचं काही वेगळं वाटलं, तर सकाळी नव्या सिस्टरला स्वतःहून सांगा.