मोबाईलवरील फायलींची देवघेव व तींत बाळगावयाची दक्षता

या मासिकाच्या वाचकांस बियाणें, खतें, कीड व रोग यांविषयींचे लेख वाचण्याची संवय आहे. मोबाईल व संगणक यांतील फायलींसंबंधानें येथें कांहीं लिहिलेलें पाहून त्यांस थोडें नवल वाटेल. परंतु आजमितीस सात-बाराचा उतारा, पीकविम्याची पावती, आडत्याची हिशेबपट्टी, सोसायटीच्या कर्जाचा तपशील आणि बँकेंतील शिल्लक हीं सारीं शेतकऱ्याच्या खिशांतील मोबाईलमध्यें येऊन बसलीं आहेत. ज्या पेटींत घरचा ऐवज ठेवावयाचा तिच्या कुलपाची चौकशी करणें हें जसें प्रपंचाचें काम आहे, तसेंच हेंही आहे. म्हणून या विषयाची माहिती साध्या शब्दांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमच्याच हातून घडलेला एक प्रमाद सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें. सही, शिक्का, तारीख व जावक क्रमांक पाहिल्याशिवाय कागद पुढें सरकवावयाचा नाहीं, हा आमचा नेम असे. असें असतां गेल्या वर्षीं ओळखीच्या एका गृहस्थांच्या नंबरावरून आमच्या मोबाईलवर ‘पीएम किसान’ या नांवाची एक फाईल आली. हप्ता जमा होण्यासाठीं ती उघडून माहिती भरावी, असा मजकूर खालीं होता. लोकांचें काम अडूं नये एवढ्याच हेतूनें आम्हीं ती स्वतः न उघडतां, न तपासतां गांवच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवून दिली. एका शेतकऱ्यानें ती उघडली. कांदा विकून आलेली रक्कम त्याच्या खात्यांत होती. ती त्याच रात्रीं तीन खेपांत निघून गेली. सकाळीं तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. वावगा शब्द एकही बोलला नाहीं. “भाऊसाहेब, तुमचें नांव पाहून उघडली हो,” एवढेंच म्हणाला. लागलीच तक्रार केल्यामुळें कांहीं रक्कम पुढच्या खात्यांत अडवितां आली. उरलेली गेली ती गेलीच.

फाईल म्हणजे काय

कचेरींत फाईल म्हणजे फीत बांधलेलें कागदांचें पुडकें. मोबाईलमधील फाईल म्हणजे एका नांवाखालीं सांठविलेला मजकूर. परंतु तिचे दोन प्रकार आहेत, व बहुतेक घोटाळा हा भेद न कळल्यामुळें होतो. पहिला प्रकार वाचावयाच्या कागदाचा. फोटो, छापील पान, गाणें, चित्रफीत हीं त्यांत येतात. हीं आपण पाहावयाचीं वा ऐकावयाचीं असतात. दुसरा प्रकार हुकुमाच्या कागदाचा. यंत्रानें काय काय करावें याच्या आज्ञा त्यांत असतात, व आपण ‘इन्स्टॉल’ म्हटलें कीं यंत्र त्या निमूटपणें पाळूं लागतें. यासच प्रोग्रॅम किंवा ॲप म्हणतात.

हे दोन प्रकार ओळखण्याची खूण फाईलच्या नांवाच्या शेवटीं, टिंबानंतरच्या इंग्रजी अक्षरांत असते. फोटोच्या नांवाशेवटीं बहुधा जे-पी-जी, छापील कागदाच्या शेवटीं पी-डी-एफ, अँड्रॉइड मोबाईलच्या ॲपशेवटीं ए-पी-के, आणि विंडोज संगणकाच्या प्रोग्रॅमशेवटीं ई-एक्स-ई अशीं अक्षरें येतात. लग्नाची पत्रिका, सात-बाराचा उतारा, वाहनाच्या दंडाचें चलन किंवा अनुदानाची यादी अशा नांवाची फाईल जर ए-पी-के या अक्षरांनीं संपत असेल, तर तो कागद नसून हुकूम आहे हें निश्चित समजावें. पत्रिका वाचावयास नवें ॲप कशास लागावें?

बाधा कशी होते

व्हायरस हें नांव सजीवांच्या रोगावरूनच घेतलेलें आहे, व शेतकऱ्यास तें समजण्यास कठीण नाहीं. केळीच्या बागेंत पर्णगुच्छ रोग येतो तो पुष्कळदां रोगट कंदाबरोबर येतो, व पुढें मावा तो झाडोझाडीं नेतो. कंद वरून चांगला दिसतो. परंतु लागण झालेलें झाड औषधानें बरें होत नाहीं, उपटून नष्टच करावें लागतें. आलेली फाईल हा कंद होय, आणि न पाहतां पुढें धाडण्याची आपली संवय हा मावा होय. शास्त्रीय दृष्ट्या दुसऱ्या फायलींस चिकटून आपल्या प्रती वाढविणारा तो व्हायरस, व भलतें सोंग घेऊन आंत शिरणारा प्रोग्रॅम निराळा. परंतु व्यवहारांत सर्वांस व्हायरसच म्हणतात, व येथें आम्हीही तोच शब्द वापरीत आहों.

वर सांगितलेल्या प्रकारचें ॲप बसवितांना तें कांहीं परवानग्या मागतें. आलेले एसएमएस वाचण्याची, आपल्या नांवें एसएमएस पाठविण्याची, ओळखीच्यांची यादी पाहण्याची, आणि कधीं कधीं ‘ॲक्सेसिबिलिटी’ नांवाची. ही शेवटची सोय वास्तविक अंध व अपंग जनांसाठीं केलेली आहे. परंतु तिच्या योगानें ॲपला पडद्यावरील मजकूर वाचतां येतो व आपल्या बोटाऐवजीं बटणेंही दाबतां येतात. आपण घाईनें ‘अलाउ’ दाबीत जातों. कचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर हें कोऱ्या मुखत्यारपत्रावर अंगठा उठविण्यासारखें आहे. पुढें बँकेचा ओटीपी आला कीं तो आपल्या आधीं त्या भामट्यास कळतो, व खात्यांतून पैसे काढण्याची वाट मोकळी होते. कित्येकदां त्या ॲपचें चिन्हही पडद्यावरून नाहींसें होतें. इतकेंच नव्हे, तर बाधित मोबाईलवरून तीच फाईल मालकाच्या नांवानें त्याच्या ओळखीच्यांस धाडली जाते. यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फाईल ओळखीच्या नंबरावरून आली म्हणजे ती ओळखीच्या माणसानेंच पाठविली असें मुळींच नव्हे.

येथें एक दिलासाही देणें जरूर आहे. ए-पी-के फाईल नुसती मोबाईलवर येऊन पडली म्हणून बहुधा बाधा होत नाहीं. ती उघडून बसविली म्हणजे होते. म्हणून अशी फाईल आलेली दिसल्यास घाबरूं नये. न उघडतां पुसून टाकावी.

मागील दाखले

ही विद्या नवी नाहीं. 1986 सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं केलेला ‘ब्रेन’ नांवाचा व्हायरस फ्लॉपी तबकड्यांबरोबर हातोहात देशोदेशीं फिरला. मे 2000 मध्यें फिलिपाइन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा प्रेमपत्राचें सोंग घेऊन ई-मेलनें आला. त्या फाईलच्या नांवांत साध्या मजकुराचीं टी-एक्स-टी हीं अक्षरें होतीं. परंतु त्यांच्यापुढें आणखी एक टिंब व आज्ञांच्या फाईलचीं व्ही-बी-एस हीं अक्षरें होतीं, व विंडोजच्या मूळ मांडणींत हीं शेवटचीं अक्षरें झांकलेलीं राहत. पत्र म्हणून लोकांनीं तें उघडलें, आणि तें त्यांच्या ओळखीच्या सर्वांस आपोआप गेलें. आज ‘पत्रिका’ म्हणून फिरणारी फाईल ही त्याचीच धाकटी बहीण होय.

मे 2017 मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या व्हायरसनें संगणकांतील फायली कुलूपबंद करून त्या सोडविण्यासाठीं खंडणी मागितली. इंग्लंडांतील कित्येक इस्पितळांचें काम त्यामुळें अडलें. ज्या फटींतून तो शिरला ती बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्याच वर्षाच्या मार्चमध्यें दिलेली होती. ज्यांनीं ती करून घेतली नाहीं त्यांचें नुकसान झालें. त्यानंतर 27 जून 2017 रोजीं ‘नॉटपेट्या’ हा युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तींतून पसरला व मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचे संगणक त्यानें जगभर बंद पाडले. आपल्याकडील द्राक्षें ज्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतून परदेशीं जातात, तेथील त्या कंपनीचा धक्काही ठप्प झाला. कंपनीचें जाळें पुन्हां उभारण्यास लागणारी मूळ नोंद कोठेंच शिल्लक राहिली नव्हती. शेवटीं ती आफ्रिकेंतील घाना देशांतील एका कचेरीच्या संगणकावर शाबूत सांपडली, कारण हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेल्यानें तो जाळ्यापासून तुटला होता! भारनियमनास नित्य शिव्या देणाऱ्या आपणांस हा दाखला सहज लक्षांत राहील. त्याचा बोध असा कीं, महत्त्वाच्या कागदांची एक प्रत जाळ्याबाहेर असलीच पाहिजे.

घ्यावयाची दक्षता

1. बियाणें आपण परवान्याच्या दुकानांतून, मोहोरबंद पिशवी पाहून व पावती घेऊन आणतों. ॲपही तसेंच प्ले स्टोअरसारख्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावें, व तेथेंही तें कोणीं काढलें आहे हें नांव वाचावें. व्हॉट्सॲपवरून आलेलें कोणतेंही ॲप बसवूं नये. पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यांत जमा होतात; हप्त्याची स्थिति सरकारी संकेतस्थळावर पाहावी, किंवा कृषि सहायकास विचारावें.

2. मोबाईलच्या सेटिंगमध्यें अनोळखी ठिकाणाहून ॲप बसविण्याची मुभा असते. ती बंद ठेवावी. ‘प्ले प्रोटेक्ट’ ही तपासणी चालूं ठेवावी. व्हॉट्सॲपमधील फायली आपोआप उतरविण्याची सोयही बंद करावी.

3. कोणतेंही ॲप परवानगी मागूं लागलें कीं, या कामास ही परवानगी कशास, असा प्रश्न मनाशीं करावा. विजेरीच्या ॲपला एसएमएस वाचण्याचें कारण नाहीं.

4. सात-बाराचा डिजिटल सहीचा उतारा ‘महाभूमी’ या सरकारी संकेतस्थळावरून स्वतः काढावा. तो पी-डी-एफ स्वरूपांत मिळतो, ॲपच्या रूपानें कधींच येत नाहीं. आधार व इतर दाखले 2015 सालीं सुरू झालेल्या ‘डिजीलॉकर’मध्यें ठेवितां येतात.

5. झेरॉक्सच्या दुकानांतील संगणकास दिवसभरांत अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात. तेथून परत आणलेला पेन ड्राइव्ह घरच्या संगणकावर आधीं तपासून मगच उघडावा. आपले फोल्डर अकस्मात् ‘शॉर्टकट’ होऊन दिसूं लागल्यास बाधा झाल्याचें समजावें. दुकानदारास पाठविलेले कागद काम होतांच आपल्यादेखत पुसावयास लावावे.

6. फुकटचे सिनेमे व चोरून मोकळे केलेले प्रोग्रॅम मुलांनीं उतरवूं नयेत. ज्या मोबाईलवर बँकेचा व्यवहार होतो तो मुलांच्या हातीं देऊंच नये, हें उत्तम.

7. मोबाईल व संगणक यांच्या कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं करून घ्याव्या, आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून तो पेटींत ठेवावा.

8. फाईल पुढें धाडण्यापूर्वीं पाठविणारास फोन करून विचारावें. गटाच्या चालकानें ए-पी-के फाईल दिसतांच ती काढून टाकून सर्वांस सावध करावें.

बाधा झाल्यास

प्रथम मोबाईलचें इंटरनेट बंद करून तो ‘एअरप्लेन मोड’वर टाकावा. नंतर दुसऱ्याच्या मोबाईलवरून आपल्या बँकेस कळवून खातें व यूपीआय थांबवावें, आणि सायबर फसवणुकीसाठीं असलेल्या 1930 या क्रमांकावर फोन करावा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवितां येते. तक्रारीचा क्रमांक, वेळ व बँकेचे संदेश जपून ठेवावे. गेलेला पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत झपाट्यानें जातो. तो मध्यें अडविण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते. त्यानंतर तें ॲप काढून टाकावें. निघत नसेल तर जाणत्याकडून मोबाईल मूळ स्थितीस आणवावा व सर्व पासवर्ड दुसऱ्या निर्धोक यंत्रावरून बदलावे. शेवटीं, आपल्या नंबरावरून कोणास फाईल गेली असल्यास उघडूं नये, असें सर्वांस लाजेची पर्वा न करितां कळवावें. लाजेपायीं गप्प बसणारा मनुष्य दुसऱ्या दहा घरांत हा रोग नेतो.

त्या शेतकऱ्यास आम्हीं आमच्या पेन्शनींतून कांहीं देऊं केलें. तें त्यानें घेतलें नाहीं. “इतरांस सांगा म्हणजे झालें,” असें तो म्हणाला, व त्याच्या त्या शब्दाखातर हा लेख लिहिला आहे. गांवांत ज्यांच्या शब्दास वजन आहे अशांवर याची जबाबदारी अधिक आहे, कारण लोक फाईल पाहत नाहींत, पाठविणाराचें नांव पाहतात. आपलें नांव ही आपली सहीच होय. ती न वाचलेल्या कागदावर कोणींही करूं नये, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.