ब्रॉडवेच्या मातीखालची दफनभूमी

नोव्हेंबर हा मृत भाविकांचा महिना. २ नोव्हेंबरला आपण आपापल्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत जातो, कबरी फुलांनी सजवतो, मेणबत्त्या लावतो आणि धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. आपले आजोबा-पणजोबा कोठे विसावले आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. ज्यांना चर्चच्या आवारात मूठभर मातीही नाकारली गेली आणि ज्यांच्या कबरीवर नाव उरले नाही, अशा सुमारे पंधरा हजार मृतांची हकिकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते. ते अमेरिकेत, न्यू यॉर्क शहरातील ब्रॉडवे या प्रसिद्ध रस्त्यालगत विसावले आहेत.

१६२६ च्या सुमारास डच व्यापारी कंपनीने पहिले अकरा आफ्रिकन गुलाम या वसाहतीत आणले. त्यांपैकी काहींची नावे कागदोपत्री आढळतात : पाउलो द अंगोला, सिमॉन काँगो, अँथनी पोर्तुगीज. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला अशी नावे परकी वाटणार नाहीत. काँगोच्या राजाने १४९१ मध्ये पोर्तुगीज मिशनऱ्यांकडून स्नानसंस्कार स्वीकारला होता आणि अंगोलातही पोर्तुगीजांचा वावर होता. त्यामुळे न्यू यॉर्कला आलेल्या या पहिल्या आफ्रिकनांपैकी अनेकजण कॅथोलिक संस्कार घेऊनच आले असावेत, असे इतिहासकार मानतात. १६४४ मध्ये त्या अकरा जणांना अर्धे स्वातंत्र्य आणि थोडी जमीन मिळाली. मात्र दरवर्षी धान्य आणि एक डुक्कर कंपनीला द्यावे लागे आणि त्यांची मुले गुलामच राहत. अशा स्वातंत्र्याला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

१६६४ मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेली आणि कायदे अधिक कठोर झाले. १६९७ मध्ये अँग्लिकन पंथाच्या ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात आफ्रिकनांना पुरण्यास मनाई केली. मग शहराच्या तटाबाहेर, उत्तरेकडील तळ्याजवळची सुमारे साडेसहा एकर उताराची जमीन हीच त्यांची दफनभूमी ठरली. तेथेही त्यांना मोकळीक नव्हती. १७२२ मध्ये सूर्यास्तानंतरच्या दफनास बंदी आली; १७३१ मध्ये अंत्ययात्रेला बाराहून अधिक माणसे नसावीत आणि शवपेटीवर वस्त्र घालू नये, असा हुकूम निघाला. १७१२ मध्ये गुलामांनी उठाव केल्यापासून मालकवर्गाला त्यांच्या एकत्र येण्याचेच भय वाटत होते.

या मृतांसाठी मिस्सा करणारा धर्मगुरूही तेथे येऊ शकत नव्हता. १७०० सालच्या कायद्यानुसार त्या वसाहतीत सापडलेल्या कॅथोलिक धर्मगुरूला जन्मठेप होती. १७४१ मध्ये गुलामांनी शहर जाळण्याचा कट केल्याची आवई उठली. त्यात कॅथोलिकांचा हात असल्याचा संशयही मिसळला. तेरा कृष्णवर्णीयांना जिवंत जाळण्यात आले आणि सतराजणांना फाशी झाली. स्पॅनिश जहाजांवरून पकडून गुलाम म्हणून विकलेले काही कृष्णवर्णीय कॅथोलिक खलाशीही त्या खटल्यात आरोपी होते. आपण जन्मतः स्वतंत्र आहोत, हे ते परोपरीने सांगत होते.

१७८८ मध्ये वैद्यकीय विद्यार्थी या दफनभूमीतून प्रेते चोरू लागले, तेव्हा कृष्णवर्णीयांनी शहराच्या कारभाऱ्यांकडे अर्ज केला. त्याची कोणी दखल घेतली नाही. गोऱ्यांच्या कबरीही उकरल्या जातात असे कळले, तेव्हा मात्र शहरात दंगल उसळली.

याच सुमारास, १७८७ मध्ये, पिएर तुसाँ हा हैतीचा तरुण गुलाम आपल्या मालकाबरोबर न्यू यॉर्कला आला. तोवर कॅथोलिकांवरील बंदी उठली होती आणि बार्कले रस्त्यावर संत पेत्राचे चर्च उभे राहिले होते. ते या दफनभूमीपासून चार पावलांवरच. तुसाँ तेथे दररोज मिस्सेला जात असे. केशभूषेच्या व्यवसायातून मिळवलेल्या पैशावर त्याने मालकाच्या विधवेला सांभाळले, अनाथांना आसरा दिला आणि अनेक गुलामांना मुक्त केले. तो स्वतः १८०७ मध्ये मुक्त झाला व १८५३ मध्ये निवर्तला. १९९० मध्ये त्याचे अवशेष संत पॅट्रिकच्या कॅथेड्रलमध्ये, जेथे न्यू यॉर्कचे आर्चबिशप विसावतात त्या मुख्य वेदीखालच्या तळघरात, ठेवण्यात आले. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला ‘वंदनीय’ घोषित केले.

जुन्या दफनभूमीचे मात्र १७९५ च्या सुमारास भूखंड पडले. जमीन सखल असल्याने भराव टाकून ती सपाट करण्यात आली आणि वर इमारती उभ्या राहिल्या. या भरावानेच कबरी वाचवल्या! १९९१ मध्ये सरकारी कार्यालयाच्या ३४ मजली इमारतीसाठी पाया खोदताना खोलवर मानवी अस्थी लागल्या. काम रेटून नेण्याचा प्रयत्न झाला. परंतु कृष्णवर्णीय समाजाने जागरणे केली, निदर्शने केली. महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनीही त्यांची बाजू घेतली. जुलै १९९२ मध्ये उत्खनन थांबले.

एकूण ४१९ जणांचे अवशेष वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अभ्यासासाठी नेण्यात आले. त्यांत जवळजवळ निम्मी बारा वर्षांखालील मुले होती. मोठ्यांच्या माना व पाठीचे कणे अतोनात ओझ्याने झिजलेले होते. एका स्त्रीच्या कुशीत नवजात बालक होते. दुसरीच्या कमरेभोवती मणी व कवड्यांची माळ होती. गुलामाजवळ ती कशी राहिली असेल, याचे आम्हांला नवल वाटते. बहुतेकांना शवपेटीत, डोके पश्चिमेकडे ठेवून पुरले होते, म्हणजे उठून बसल्यास तोंड उगवतीकडे व्हावे. जुन्या ख्रिस्ती दफनांतही हीच दिशा पाळली जाई. ज्यांना पेटीवर वस्त्र घालण्याचीही परवानगी नव्हती, त्यांनी आपल्या माणसांना एवढ्या मायेने मातीआड केले होते.

ऑक्टोबर २००३ मध्ये घाना देशात कोरलेल्या लाकडी पेट्यांतून हे अवशेष परत आणून त्याच भूमीत पुरण्यात आले. २००६ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले आणि पुढल्या वर्षी तेथे दगडी स्मारकशिल्प उभे राहिले. शेजारीच हिरवळीचे सात उंचवटे आहेत. त्यांखाली ते ४१९ जण आहेत. बाकीचे हजारो अजूनही आसपासच्या रस्त्यांखाली आणि इमारतींखाली आहेत.