नळीत नेमकं काय साचतं?

लेखमाला : रायफल आणि नेमबाज – भाग ७

गेल्या भागात आपण काडतुसांचे लॉट पाहिले. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच रायफलीत वेगळे का वागतात, आणि आपल्या नळीला कोणता मानवतो हे कसं तपासायचं, ते समजून घेतलं. पण मानवलेला लॉटसुद्धा काही आठवड्यांनी बिघडल्यासारखा वाटू लागतो. गोळ्या त्याच असतात, नेमबाजही तोच असतो. ग्रुपिंग मात्र पसरतं. अशा वेळी संशयाची सुई नळीकडे वळवायला हवी. आजचा विषय नळीची सफाई हा आहे. ती कशाने करायची, किती करायची, आणि कधी अजिबात करायची नाही, हे पाहू.

आपण बोलतोय ते ५० मीटरच्या रायफलीबद्दल, म्हणजे पॉइंट टू-टूबद्दल. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकलं, ते याच रायफलीवर. या खेळात १० गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. दशांश गुणांकनात ०.१ गुणाचा फरक म्हणजे लक्ष्यावर ०.८ मिलिमीटरचा फरक. एवढ्या बारकाव्यात नळीतला मळही आपला हिस्सा मागतो.

तीन मळ, तीन जागा

पॉइंट टू-टूची गोळी शिशाची असते. वजन सुमारे २.६ ग्रॅम, त्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर. नळीच्या आत सर्पिल खाचा असतात. त्यांची खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. साधारण ४०६ मिलिमीटर अंतरात गोळीचा एक फेरा पूर्ण होतो. ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते, म्हणजे सेकंदाला आठशेच्या घरात फेरे घेत ती नळीचं तोंड सोडते. या प्रवासात ती मागे तीन गोष्टी ठेवून जाते.

पहिली गोष्ट मेण. त्याचा पातळ लेप नळीभर बसतो. हा लेप वाईट नाही, उलट हवाच असतो. पुढची प्रत्येक गोळी त्याच लेपावरून जाते, म्हणून नळी एकसारखी वागते. लख्ख पुसलेल्या नळीतून सुटलेल्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, त्यामागे हेच कारण असतं. लेप पुन्हा बसेपर्यंत नळी स्थिरावत नाही. काडतुसाचा ब्रँड बदलला की मेणही बदलतं, आणि तेव्हाही हाच अनुभव येतो.

दुसरी गोष्ट कार्बन. काडतुसातली दारू अगदी थोडी असते, पण तिची काजळी आणि प्रायमरचा अवशेष चेंबरच्या अगदी पुढे, गोळी खाचांमध्ये शिरते त्या जागी, कड्यासारखा जमतो. पॉइंट टू-टूसारख्या बऱ्याच रिमफायर काडतुसांच्या प्रायमरमध्ये घर्षणासाठी काचेची पूड असते. उष्णता आणि दाब सोसून हे कडं दगडासारखं कडक होतं. गोळी खाचांत शिरण्याआधीच त्यावर घासली जाते आणि तिचा आकार बिघडतो. आठवड्यांनी पसरणाऱ्या ग्रुपिंगचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं.

तिसरी गोष्ट शिसं. चांगल्या, आतून घोटलेल्या मॅच बॅरलमध्ये ते फारसं धरत नाही. नळी खडबडीत असेल, किंवा कार्बनच्या कड्याने गोळी खरवडली जात असेल, तर शिशाचे राखाडी पापुद्रे चिकटतात आणि नळी पुसायच्या चिंदीवर बारीक चमकत्या कणांच्या रूपात दिसतात.

थोडक्यात, एक मळ राखायचा, एक ठरावीक जागी जाऊन काढायचा आणि एकावर लक्ष ठेवायचं. तिघांवर एकच उपाय चालवला की गडबड होते.

‘रोज घासा’ हा नियम आला कुठून?

एनसीसीत रायफल हाताळलेल्या प्रत्येकाला पुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढायची दोरी, आणि चिंदी आठवत असेल. फायरिंग संपलं की नळी साफ करायचीच, ही शिस्त फौजेतून आली आणि तिच्यामागे भक्कम कारण होतं. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरे. तो हवेतली ओल शोषून घेई आणि बघता बघता नळी गंजे. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून सैनिक नळीत उकळतं पाणी ओतत आणि मग कोरडी करून तेल देत. १९२०च्या दशकात अमेरिकेत आणि जर्मनीत न गंजवणारे प्रायमर बाजारात आले आणि स्पर्धेच्या पॉइंट टू-टू काडतुसांत आज तेच असतात. कारण संपलं, सवय मात्र राहिली. आता रोज पितळी ब्रश मारण्याने नळीचं रक्षण होत नाही, तिच्यावर ताण पडतो.

मऊ शिशाची गोळी पोलादाला सहजी झिजवत नाही. चांगली पॉइंट टू-टूची नळी हजारो-हजारो गोळ्या अचूकता टिकवते. तिला इजा होते ती वाकलेल्या रॉडने, त्यावर रुतलेल्या धुळीने आणि तोंडाशी तिरक्या ओढलेल्या दोरीने. नळीच्या तोंडाची कड, जिला आपण क्राउन म्हणतो, गोळीला शेवटचा स्पर्श करते. ती कड एका बाजूला झिजली की गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच कोनातून ओढली गेल्याने तोंडाशी खोबणी पडलेल्या रायफली फौजांनाही ठाऊक होत्या.

रॉड, गाइड आणि टोक

साधनांपैकी पहिला खर्च रॉडवर करावा. तो एकसंध हवा. तुकडे जोडून बनणारे अ‍ॅल्युमिनियमचे रॉड स्वस्त मिळतात, पण जोडाच्या कडा खाचांना घासतात आणि मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये कचरा रुतून बसतो. घोटलेल्या पोलादाचा किंवा कार्बन फायबरचा रॉड घ्यावा. तो पॉइंट टू-टूच्याच जाडीचा असावा. सुमारे ९० सेंटिमीटर लांबी मॅच रायफलीला पुरते. मुठीत बेअरिंग असलं की चिंदी खाचांबरोबर फिरते, त्यांना आडवी जात नाही. प्रत्येक वापराआधी आणि नंतर रॉड पुसायचा, हा नियम रॉडच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी वस्तू बोअर गाइड. बोल्ट काढून त्याच्या जागी ही नळकांडी बसते आणि रॉडला नळीच्या मध्यरेषेत ठेवते. गाइड नसेल तर जोर लावताच रॉड धनुष्यासारखा वाकतो आणि खाचांच्या कडांवर घासत जातो. सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरण्यापासूनही गाइड वाचवतो. नळीच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य आहे. तरीही अनेक क्लबांत रॉड असतो आणि गाइड नसतो.

टोकाला पितळी जॅग बरा. तो चिंदीला मधोमध धरतो आणि चारही बाजूंनी सारखा दाब देतो. सुईच्या नाकासारख्या खाचेत चिंदी अडकवायचं टोक तेवढा सारखा दाब देत नाही. चिंदी सुती असावी आणि हलका विरोध जाणवेल इतपत घट्ट बसावी. ठोकून घालावी लागली तर ती मोठी आहे. चिंदीऐवजी फेल्टच्या गोळ्याही वापरता येतात. त्यांचा दाब एकसारखा असतो आणि हलक्या सफाईसाठी त्या उत्तम.

ब्रश फॉस्फर ब्रॉन्झचा किंवा नायलॉनचा घ्यावा. स्टेनलेस स्टीलचा ब्रश मॅच बॅरलच्या जवळही आणू नये. नळीत ब्रश मध्येच उलटा फिरवायचा नाही. तो पूर्ण तोंडाबाहेर न्यायचा, तिथे काढायचा आणि रॉड रिकामा मागे घ्यायचा.

तांबं विरघळवणारं अमोनियाचं सॉल्व्हंट इथे निरुपयोगी आहे. स्पर्धेच्या गोळीवर तांब्याचं आवरणच नसतं. कार्बनसाठी बनवलेलं सौम्य सॉल्व्हंट पुरतं. घासणाऱ्या पेस्ट अनुभवी गनस्मिथच्या हातातच राहू द्याव्यात.

दोरीचं साधन, म्हणजे बोअरस्नेक, प्रवासात सोयीचं असतं, पण त्याला दोन अटी आहेत. ते धुतलेलं असावं, नाहीतर मागचा मळ पुन्हा आत जातो. आणि ते नळीच्या सरळ रेषेत ओढावं, म्हणजे क्राउन झिजणार नाही.

सफाईचा क्रम

रायफल रिकामी आहे याची खात्री करावी, बोल्ट काढावा आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावं. रायफल स्टँडवर, तोंड किंचित खाली झुकवून ठेवावी. गाइड बसवावा. सॉल्व्हंटने ओली केलेली एक चिंदी मागून पुढे ढकलावी, तोंडाशी काढून टाकावी. मळलेली चिंदी मागे ओढू नये. दहा मिनिटं थांबावं, मग दोन-तीन कोरड्या चिंद्या न्याव्यात. सरावानंतरची नेहमीची सफाई इथे संपते. शेवटी बोल्टचं तोंड पुसायला विसरू नये.

ग्रुपिंग पसरलं असेल किंवा चिंदीवर शिसं दिसत असेल, तरच ब्रश काढावा. चेंबरच्या पुढच्या भागात सॉल्व्हंट मुरू द्यावं, ब्रश मोजक्या वेळा न्यावा आणि पुन्हा कोरडं करावं. मोबाइलला जोडायचे छोटे बोअरस्कोप आता परवडणाऱ्या किमतीत मिळतात. क्लबने एक घेतला तरी कार्बनचं कडं आहे की नाही, हे अंदाजाऐवजी डोळ्यांनी ठरवता येतं.

अशी खोल सफाई स्पर्धेच्या आदल्या दिवशी करू नये. थ्री पोझिशन प्रकारात तयारी आणि सायटिंगसाठी १५ मिनिटं असतात. ती नळीवर मेण बसवण्यात घालवली तर वाऱ्याचा अंदाज कधी घ्यायचा?

१० मीटरच्या एअर रायफलीला यातलं बहुतेक काही लागू होत नाही. तिथे दारू नाही, त्यामुळे कार्बनही नाही. सॉल्व्हंट सील खराब करू शकतं. अधूनमधून कोरडं फेल्ट बस्स.

पावसाळा आणि शिसं

कोकणात आणि कोल्हापूरच्या पावसात नळी गंजवायला क्षार लागत नाही, हवाच पुरते. आठवडाभर रायफल वापरायची नसेल तर आतून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि पुढच्या फायरिंगआधी कोरड्या चिंदीने नळी आणि चेंबर पुसून काढावं. फोमच्या पेटीत ओल धरते, म्हणून रायफल कायमची तिथे ठेवू नये. पेटीत सिलिका जेल असावं आणि ते वेळोवेळी वाळवावं. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आलेल्या थंड नळीवर दव धरतं. तिला थोडा वेळ द्यावा आणि मग पुसावी.

सफाईच्या वेळी हातमोजे घालावेत, काही खाऊ-पिऊ नये, नंतर साबणाने हात धुवावेत. काळी पडलेली चिंदी शिशाने माखलेली असते. घरात लहान मूल असेल तर ती उघड्यावर पडू देऊ नये.

क्लबच्या रायफली

हे सारं सर्वाधिक महत्त्वाचं आहे ते स्वतःची रायफल नसलेल्या मुलामुलींसाठी. क्लबची रायफल दहा हातांतून जाते. कोणी रोज ब्रश मारतं, कोणी महिनोन्‌महिने काहीच करत नाही. अशा रायफलीवर नवी मुलगी दोन खराब शॉट मारते आणि आपला श्वास, आपला ट्रिगर चुकला असं समजते. प्रशिक्षकही तेच सांगतात. दोष नळीचा असेल, तर ती मुलगी नसलेली चूक सुधारण्यात वर्ष घालवते. हा अन्याय टाळणं अवघड नाही.

प्रत्येक रायफलीबरोबर एक वही बांधावी. किती गोळ्या झाल्या, कोणता लॉट, शेवटची ओली चिंदी कधी, ब्रश कधी आणि त्यानंतर किती गोळ्यांनी ग्रुपिंग जमलं, हे त्यात लिहावं. काही महिन्यांत ती वहीच सांगते की या नळीला ब्रश किती गोळ्यांनंतर लागतो. प्रत्येक नळीचं उत्तर वेगळं असतं, म्हणून दुसऱ्याच्या नळीचा आकडा आपल्याला लागू पडत नाही. एक चांगला रॉड, एक गाइड, एक जॅग, चिंद्यांचं पाकीट आणि ही वही एवढं साहित्य प्रत्येक क्लबने ठेवलंच पाहिजे. ज्या दिवशी खराब ग्रुपिंग पाहून प्रशिक्षक मुलाला रागावण्याआधी वही उघडतील, त्या दिवशी आपल्याकडची नेमबाजी एक पाऊल पुढे गेलेली असेल.

(पुढील भागात : बोल्ट आणि फायरिंग पिन – मिसफायरची कारणं कशी शोधावीत)