खऱ्या नोंदीची किंमत : जिल्हा परिषदेच्या बालकल्याण विभागाचे नेतृत्व

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या मुख्यालयात बांधकाम किंवा शिक्षण विभागासमोर जशी वर्दळ असते तशी महिला व बालकल्याण विभागासमोर सहसा आढळत नाही. तथापि ग्रामीण भागातील सहा वर्षांखालील मुलांशी ज्याचा जवळजवळ रोज संबंध येतो, असा स्थानिक शासनाचा दुसरा विभाग दाखवता येणार नाही. या विभागाच्या प्रमुखपदी उपमुख्य कार्यकारी अधिकारी असतात. ते प्रशासनाच्या बाजूने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना उत्तरदायी असतात आणि लोकप्रतिनिधींच्या बाजूने महिला व बालकल्याण समितीचे कामकाज पाहतात. नावाच्या साधर्म्यामुळे या समितीची गल्लत 'बालकल्याण समिती'शी वारंवार केली जाते. ती समिती २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली स्थापन होते, तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि निराधार किंवा अत्याचारग्रस्त मुलांच्या ताब्याविषयी ती आदेश देते. जिल्हा परिषदेच्या विभागाचे क्षेत्र निराळे आहे : अंगणवाडी, पोषण, शाळेपूर्वीचे शिक्षण आणि त्यांभोवती गुंफलेली माता-बालकांची काळजी.

या कामाचा कणा म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा योजना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांपासून तिची सुरुवात झाली आणि महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी व मुंबईतील धारावी ही तिची पहिली ठिकाणे होती. एक आदिवासी डोंगराळ तालुका आणि एक महानगरी झोपडवस्ती, ही निवडच योजनेचा रोख सांगून जाते. पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे आजारी मुलाला पुढच्या रुग्णालयाकडे पाठवणे, अशा सहा सेवा तिच्यात येतात. आज ती 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' या नावाने ओळखली जाते. गावपातळीवर सेविका व मदतनीस, त्यांच्यावर वीस-पंचवीस अंगणवाड्यांसाठी एक पर्यवेक्षिका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी आणि सर्वांत वर विभागप्रमुख अशी ही उतरंड आहे. राज्यात असे ५५३ प्रकल्प आणि सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. शहरी प्रकल्प मात्र जिल्हा परिषदेकडे नसून थेट योजनेच्या नवी मुंबईतील आयुक्तालयाच्या अखत्यारीत चालतात.

कागदावर सुबक दिसणाऱ्या या उतरंडीत विभागप्रमुखाच्या हाती प्रत्यक्षात किती सूत्रे असतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आहाराचे दर आणि निकष केंद्र ठरवते, पुरवठ्याची व्यवस्था राज्य लावते, लस टोचणारी आरोग्य सेविका जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली असते, अंगणवाडीची खोली बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहते आणि जागा ग्रामपंचायतीने द्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवली जाते खरी, परंतु हे स्वउत्पन्नच मुळात तुटपुंजे असते आणि त्यातून शिलाई यंत्रे व मुलींसाठी सायकली यांच्या वाटपाला अग्रक्रम मिळण्याची जुनी रीत आहे, कारण वाटपाचा कार्यक्रम करता येतो, छायाचित्र निघते, आणि अंगणवाडीच्या गळक्या छपराची दुरुस्ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. बाकीच्या विभागांकडून काम करवून घेण्यासाठी विभागप्रमुखाकडे आदेशापेक्षा पाठपुरावाच अधिक असतो. तथापि एक गोष्ट पूर्णपणे त्याच्या कक्षेतील आहे : आपल्या विभागात खरी नोंद लिहिणाऱ्याचे काय होते, हे तोच ठरवतो.

ही बाब समजून घ्यायची तर अंगणवाडीतील मोजमाप जवळून पाहावे लागते. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून घेतात. एकीने डोके टेकणीला लावून धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाऊल सरकत्या फळीला टेकवायचे आणि रडणाऱ्या, पाय झाडणाऱ्या मुलाचा आकडा त्याच क्षणी वाचायचा, असे हे काम असल्यामुळे ते एकटीने नीट होत नाही. दोन वर्षांवरील मूल उभे करून मोजतात. तेच मूल आडवे मोजले तर साधारण ०.७ सेंटिमीटर अधिक भरते. वजन घेताना अंगावरचे जाड कपडे आणि कमरेचा करदोडा काढावा लागतो, काटा सपाट जागी ठेवून शून्यावर आणावा लागतो. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेले मूल 'तीव्र कुपोषित' ठरते, त्याहून थोडे बरे असलेले 'मध्यम कुपोषित'. कर्मचारी त्यांना 'सॅम' आणि 'मॅम' या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखतात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तरी मूल तीव्र कुपोषितांत मोडते. लांबी एखाद्या सेंटिमीटरने कमी लिहिली तर काठावरचे मूल वरच्या श्रेणीत जाते, आणि मग त्याला ना जादा आहार मिळतो, ना डॉक्टरांची तपासणी.

आता अशी एक पर्यवेक्षिका कल्पावी, जिच्या बीटमध्ये, म्हणजे तिच्या देखरेखीखालील अंगणवाड्यांच्या गटात, मोजमाप काटेकोरपणे झाले आणि तीव्र कुपोषित मुलांची संख्या मागील महिन्यापेक्षा दुपटीने वाढली. मासिक आढाव्यात तिलाच उभे करून खुलासा मागितला गेला, तर पुढच्या महिन्यात तिच्या बीटमधील कुपोषण कमी होईल यात शंका नाही. आणि शेजारच्या बीटांतील पर्यवेक्षिकाही तो धडा न सांगता शिकतील. याउलट विभागप्रमुखाने पहिला प्रश्न "ही मुले सापडली कशी?" असा विचारला आणि वर्षानुवर्षे शून्य कुपोषण दाखवणाऱ्या बीटमध्ये स्वतः काटा घेऊन फेरतपासणी केली, तर नोंदवहीचे स्वरूप काही महिन्यांत पालटते. जिल्ह्याचा आकडा त्या काळात वाढतो, वृत्तपत्रांत मथळे येतात, विधिमंडळात तारांकित प्रश्न लागतो. हे सर्व झेलण्याची तयारी असणे, हाच या पदावरील नेतृत्वाचा खरा कस होय, असे म्हणण्यास जागा आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा इतिहास आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील आणि त्याच सुमारास मेळघाटातील बालमृत्यू उघडकीस आले, ते प्रामुख्याने पत्रकार, कार्यकर्ते आणि न्यायालयातील याचिका यांच्यामुळे; शासकीय अहवालांतून ते संकट आधी वर आले नव्हते. पुढे २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यातील बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले आणि डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला मूल्यमापन समिती नेमावी लागली. मूल दगावल्याची नोंद केल्यास कर्मचाऱ्यावरच ठपका येतो, ही भीती नोंदी लपण्यामागचे एक मोठे कारण होते. आजही तफावत मिटलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली आणि ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी. देशपातळीवर कृश मुलांचे प्रमाण १९.३ टक्के निघाले. परंतु २०२१ पासून वापरात आलेल्या 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल नोंदप्रणालीतून हाच राष्ट्रीय आकडा एकेरीत येतो. पाहणीत निवडक घरांतील मुले मोजली जातात आणि ट्रॅकरवर अंगणवाडीत नाव असलेली, हा फरक लक्षात घेतला तरी एवढी दरी सहजासहजी बुजत नाही.

खरी नोंद झाल्यानंतर उपचाराची साखळी तयार नसेल तर मात्र त्या प्रामाणिकपणाला अर्थ उरत नाही. भूक शाबूत असलेल्या आणि अन्य आजार नसलेल्या तीव्र कुपोषित मुलांसाठी अंगणवाडीतच ग्राम बालविकास केंद्र चालवतात, तिथे त्यांना दिवसातून अनेक वेळा थोडाथोडा ऊर्जादायी आहार देतात. ज्याला भूकच लागत नाही किंवा ज्याच्या पायांवर सूज आहे, त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. साधारण दोन आठवडे आईने मुलाजवळ राहायचे म्हणजे तिची मजुरी बुडते, घरची दुसरी लेकरे उघड्यावर पडतात, आणि म्हणून दाखल करायला नकार मिळतो. बुडीत मजुरीची भरपाई वेळेवर हाती पडली की नकार कमी होतात. तेवढ्यासाठी बालकल्याण आणि आरोग्य या एकाच इमारतीतील दोन विभागांना एकच यादी वापरावी लागते, आणि ही साधी वाटणारी गोष्ट जमवणे अनेक जिल्ह्यांत सर्वांत अवघड ठरते. २००५ मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचे महत्त्व याच समन्वयात होते. २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणा २३ टक्क्यांच्या आसपास उतरलेला दिसला, तेव्हा त्याची देशभर दखल घेतली गेली.

या यंत्रणेचा सारा भार ज्यांच्यावर आहे त्या सेविका आणि मदतनीस शासकीय कर्मचारी नाहीत, त्या 'मानधनी' आहेत. त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. २०२१ मध्ये निकृष्ट मोबाइल परत करण्याचे आंदोलन आणि डिसेंबर २०२३ पासून चाललेला दीर्घ संप यांतून त्यांचा असंतोष राज्याने पाहिला. मानधन वाढवणे विभागप्रमुखाच्या हाती नाही. पण ते दरमहा वेळेवर निघेल, इंधनाची देयके पडून राहणार नाहीत आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची परकी कामे सेविकेच्या माथी मारताना कोणीतरी हरकत घेईल, एवढे त्याला करता येते. संपाच्या काळात सेविकांवर कारवाईच्या नोटिसा काढणाऱ्या आणि न काढणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीचे मत गावोगाव वर्षानुवर्षे टिकते, हे नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात प्रश्नाला आणखी एक पदर येतो. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या पाच-सहा महिन्यांत मूळ गावच्या पटावर मूल 'स्थलांतरित' होते, आणि फडाजवळच्या कोपीत राहणारे तेच मूल तिथल्या सेविकेच्या पटावर आपोआप येत नाही. दोन जिल्ह्यांच्या विभागप्रमुखांनी हंगामापूर्वी याद्यांची देवाणघेवाण केली आणि कारखान्याच्या गटनिहाय टोळ्यांशी त्या पडताळल्या, तर घरपोच आहार आणि लस त्या मुलापर्यंत पोहोचते. हे घडवून आणण्यासाठी नवा कायदा लागत नाही, दोघांपैकी एकाने दूरध्वनी उचलावा लागतो.

लोकप्रतिनिधींची समिती या सर्वांवर देखरेख ठेवते, अशी १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमाची कल्पना आहे. मार्च २०२२ मध्ये पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तेथे प्रशासक आल्यावर सभापतीच उरले नाहीत. वाटपाचा आग्रह थांबला, आणि त्यासोबत अंगणवाडी बंद असल्याची तक्रार घेऊन मुख्यालयात येणारी सदस्याही थांबली. अधिकाऱ्याला हा काळ सोयीचा वाटला असेल, परंतु तालुक्यातून येणारी, सरकारी नमुन्यात न बसणारी माहिती त्या काळात आटली, हा तोटा लहान नव्हे.

बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा असतो, आणि प्रत्यक्षात तोही अनेकदा पुरा होत नाही. अंगणवाडीत दाखल झालेले मूल सहा वर्षे तिच्या पटावर राहते आणि सेविका वीस-वीस, तीस-तीस वर्षे. कार्यभार देताना रोकडवही, जडवस्तूंची नोंदवही, वाहन आणि प्रलंबित न्यायालयीन प्रकरणे यांची यादी सह्यांनिशी सोपवली जाते. कोणत्या प्रकल्पाचे आकडे फेरतपासणीत टिकले, कोणत्या पर्यवेक्षिकेने अप्रिय आकडा कळवण्याचे धैर्य दाखवले आणि कोणत्या तालुक्यातील शून्यावर विश्वास ठेवू नये, यांसाठी त्या यादीत रकाना नाही.