बॉनेटखालचं नारिंगी इंजिन

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं दांडगं व्ही-८ इंजिन. १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून अमेरिकेत तिची लाट उसळली. माझ्या टेबलावर आहे १९६९ची डॉज चार्जर, १:२५ प्रमाणात, जेमतेम २१ सेंटिमीटर लांब. प्लॅस्टिकवर साच्याची उमटलेली रेघ मी ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने, पाणी लावून घासते. रंग पातळ थरांतच मारायचा. जाड थराने दारांच्या फटी बुजतात. ४२६ हेमी इंजिन नारिंगी, व्हॉल्व्हवरची झाकणं काळी. डिस्ट्रिब्यूटरला केसाएवढी भोकं पाडून आठ प्लगांच्या तारा ओवते, त्याही १-८-४-३-६-५-७-२ या खऱ्या फायरिंगच्या क्रमाने. बॉनेट लावलं की यातलं काही दिसत नाही; म्हणून ते मी चिकटवतच नाही.