वाहन चालविताना मोबाईल : कायदा हातापुरता, धोका मनातला

मान एका बाजूला वाकवून, कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाईल दाबून धरलेला दुचाकीस्वार हे आपल्या रस्त्यांवरचे नित्याचे दृश्य आहे. कुणी तो हेल्मेटमध्ये कानाशी खोचून ठेवतो. मोटारीतील चालक चौकात वाहतूक पोलीस दिसताच फोन मांडीवर ठेवतो आणि चौक ओलांडताच संभाषण जेथे तुटले तेथून पुढे सुरू करतो. हे चूक आहे, याची जाणीव प्रत्येकाला असते. मात्र कायद्याने नेमके काय वर्ज्य केले आहे आणि कायदा पाळला म्हणजे धोका टळला असे मानता येईल काय, या दोन प्रश्नांचा विचार क्वचितच केला जातो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्या काळी आपल्या देशात भ्रमणध्वनी आलेलाच नव्हता. साहजिकच मूळ कायद्यात त्याचा उल्लेख नव्हता. त्यामुळे पोलिसांना कारवाई करावयाची झाल्यास ती धोकादायक रीतीने वाहन चालविण्याविषयीच्या सर्वसाधारण तरतुदींखाली किंवा राज्याच्या एखाद्या कायद्याखाली करावी लागे. ही उणीव मे २०१८ मध्ये ठळकपणे पुढे आली. केरळ पोलीस कायद्याच्या कलम ११८ (ई) खाली दाखल झालेल्या एका प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की त्या कलमात वाहन चालविताना मोबाईलवर बोलण्यास मनाई केलेली नाही. बोलण्यामुळे जनतेच्या सुरक्षिततेस धोका निर्माण झाला तरच ते कलम लागू होईल. न्यायालयाने चालकांना मोकळीक दिली, असा याचा अर्थ मुळीच नव्हता. कायद्यात जे लिहिलेले नाही, ते गुन्हा ठरविता येत नाही, एवढेच न्यायालयाचे म्हणणे होते.

२०१९ ची सुधारणा

ही उणीव संसदेने २०१९ मध्ये भरून काढली. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून अमलात आलेल्या सुधारणेने कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनाची उदाहरणे नावानिशी घातली. लाल दिवा ओलांडणे, थांबण्याची खूण न जुमानणे, वाहतुकीच्या उलट दिशेने वाहन हाकणे यांच्या पंगतीत 'हातात धरावयाच्या संपर्क साधनाचा वापर' हाही आला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे तडजोड शुल्क भरून मिटतात. महाराष्ट्रात सुधारित शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले आणि तेव्हापासून हा दंड काहीशे रुपयांवरून हजारांच्या घरात गेला.

दंडाची चर्चा खूप होते, पण परवान्याची होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २१ मध्ये जनतेस उपद्रव वा धोका ठरणाऱ्या कृत्यांची यादी आहे आणि तीत वाहन चालविताना मोबाईलचा वापर समाविष्ट आहे. अशा कृत्याबद्दल परवाना प्राधिकारी चालकाची बाजू ऐकून घेऊन त्याला ठरावीक काळासाठी अपात्र ठरवू शकतो किंवा त्याचा परवाना रद्द करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना निर्देश दिले, की वाहन चालविताना मोबाईल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावा. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. कलम १८४ मध्ये 'हातात धरावयाचे' हा शब्दप्रयोग आहे. नियम २१ केवळ मोबाईलच्या वापराविषयी बोलतो. म्हणून फोन हातात नव्हता, हेल्मेटमध्ये होता, अशी सबब सांगणाऱ्याने परवान्याविषयी निश्चिंत राहू नये. शिवाय सावध आणि सक्षम चालकाकडून असलेल्या अपेक्षेच्या कितीतरी खाली जाणारे वाहनचालन हेही कलम १८४ च्या व्याख्येत स्वतंत्रपणे आले आहे.

अपवाद एकच, तो म्हणजे रस्ता शोधण्याचा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमबदलानुसार असे साधन केवळ मार्गदर्शनासाठी वापरता येते आणि तेही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने.

'वापर' म्हणजे काय?

शब्दांचा हा पेच केवळ आपल्याकडेच पडलेला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वाहतूक कोंडीत अडकलेल्या एका चालकाने हातातील फोनवर नकाशा पाहिला म्हणून त्याला दंड झाला. तेथील अपील न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला, की कायदा बोलण्या-ऐकण्यापुरता आहे, नकाशा पाहण्यास तो लागू होत नाही. राज्याने कायदा बदलला आणि २०१७ पासून फोन गाडीत बसविलेला असावा, बोटाच्या एका स्पर्शात काम व्हावे, असे बंधन घातले. पुढे २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ठरविले, की फोन हाती धरून नकाशा पाहणे हाही निषिद्ध वापरच होय.

ब्रिटनने हातात फोन धरण्यास १ डिसेंबर २००३ पासून बंदी घातली होती. तथापि, गाडी चालविताना फोनने अपघाताचे चित्रीकरण करणाऱ्या चालकाची दोषमुक्ती २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कायम केली, कारण तेथील कायदा संवादासाठी होणाऱ्या वापरापुरता मर्यादित होता. ही पळवाट बुजविण्यास मार्च २०२२ उजाडले. कायदे झाले तेव्हा फोन म्हणजे बोलण्याचे यंत्र होते. पाहता पाहता तो कॅमेरा, नकाशा, पत्रपेटी आणि करमणुकीचा पडदा झाला आणि कायद्याची भाषा त्याच्या मागे धावत राहिली.

हात मोकळे, मन गुंतलेले

परंतु कायद्याची भाषा कितीही काटेकोर केली, तरी एक मूलभूत अडचण उरतेच. कायदा हाताकडे पाहतो, कारण हात दिसतो; अपघात मात्र लक्ष विचलित झाल्याने होतो. कॅनडातील टोरंटो येथे सुमारे सातशे चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणारे साधन वापरल्याने तो कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील २००५ च्या अभ्यासातही तेच आढळले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संभाषणात गुंतलेल्या चालकाची नजर समोर असते, पण डोळ्यांना दिसलेले सारे मेंदूपर्यंत पोहोचत नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे निराळे. तोही रस्ता पाहत असतो, वळण आले की थबकतो, प्रसंगी चालकाला सावधही करतो. फोनच्या पलीकडील व्यक्तीला समोरून धावत आलेले मूल दिसत नाही. आणि संदेश वाचण्यासाठी नजरच खाली गेली तर? ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन सेकंदांत तेहतीस मीटर अंतर कापते. तेवढा रस्ता चालकाने अक्षरशः डोळे मिटून पार केलेला असतो.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२१ मध्ये देशात मोबाईलच्या वापरामुळे १,९९७ अपघात झाले आणि त्यांत १,०४० जणांनी प्राण गमावले. ही संख्या वास्तवाहून कमी असण्याचीच शक्यता अधिक, कारण अपघातानंतर वेगाच्या खुणा रस्त्यावर उरतात. चालकाच्या मनात काय चालले होते, त्याची खूण कोठेच उरत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात २०२० पासून कॅमेऱ्यांच्या साह्याने अशा चालकांना दंड होऊ लागला. आपल्याकडेही कॅमेरे येत आहेत. मात्र कॅमेऱ्यालाही हातच दिसणार.

म्हणून कायद्याने आखलेली रेषा ही किमान मर्यादा समजावी. ती पाळणारा निर्दोष ठरेल, सुरक्षित ठरेलच असे नाही. निकडीचा फोन असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बोलावे, हाच खरा मार्ग. या बाबतीत एक जबाबदारी फोन करणाऱ्याचीही आहे. वाहन चालविणाऱ्याला येणारे फोन बहुधा घरून किंवा कचेरीतूनच आलेले असतात. 'गाडी चालवतो आहेस का?' हा पहिला प्रश्न विचारावा आणि उत्तर होकारार्थी आले, तर दुसरे वाक्य न बोलता फोन ठेवावा. यासाठी कोणत्याही कलमाची गरज नाही.