आठशेची राखण

"काका, कॉइल कट करू की स्टार्टर?"

डॅशबोर्डखाली उताणा झोपलेल्या वायरमनचे फक्त गुडघे दाराबाहेर दिसत होते. मानपाडा रोडच्या एका गल्लीतलं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान. पुढे सीट कव्हरांचे गठ्ठे, मागे जेमतेम दोन गाड्यांपुरती जागा. माझी १९९८ची मारुती ८०० तिथे सकाळी दहाला लागली ती दुपारी दोनला सुटली, आणि त्यातला बराच वेळ या एका प्रश्नावर गेला.

डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४, तीस वर्षं ८०० बनत राहिली. जुन्या ८००त चोराला अडवायला कुलपाशिवाय काही नाही. आजच्या गाडीच्या किल्लीत चिप असते. ती ओळखीची निघाली नाही तर इंजिन पेटत नाही. माझ्या किल्लीत नुसतं पोलाद, तेही झिजलेलं. आपल्या किल्लीने भलत्याच पांढऱ्या ८००चं दार उघडून बसलेले आणि समोरचा गणपती वेगळा दिसल्यावर ओशाळून उतरलेले गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत.

त्यात डोंबिवलीची गाडी म्हणजे रविवारची गाडी. खरं तर या गावाने गाड्या घडवल्यात: कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ बनत होती. आता प्रीमियरचं नाव मैदानाला उरलंय, तिथे सभा होतात. माणसं मात्र सोमवार ते शनिवार लोकलला लटकणारी, आणि गाडी गल्लीत धूळ खात उभी. तिच्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून अलार्म. लोक सर्रास 'ऑटोकॉप बसवला' म्हणतात, मग डबा कुठल्याही कंपनीचा असो. ऑटोकॉप हे मूळ नाशिकच्या कंपनीचं नाव, हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

डबा साबणाच्या वडीएवढा आणि त्यातून निघालेला वायरींचा झुपका भलामोठा. काम सगळं त्या झुपक्याचं. एक वायर थेट बॅटरीला, फ्यूज घालून. एक अर्थिंगला, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर. एक इग्निशनला, एक सायरनला, दोन दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरना. दार उघडल्यावर छताचा दिवा लावणारं जे बटण चौकटीत असतं, तेच अलार्मलाही चोराची वर्दी देतं. ८००ला मुळात सेंट्रल लॉकिंग नाही, त्यामुळे प्रत्येक दाराचं पॅड काढून आत 'गन' बसवायची: ड्रायव्हरच्या दाराला पाच वायरींची, बाकीच्यांना दोन वायरींची. ती आतल्या कुलपाच्या सळईला चिमट्याने जोडतात. चिमटा केसभर तिरका बसला की दार लॉक होतं आणि उघडत नाही.

वायरमनने टेस्ट लॅम्पचं टोक एकेका वायरीत टोचून पाहिलं. जोड नुसते पिळून टेप मारतोय असं दिसल्यावर मी सोल्डरिंगचा आग्रह धरला. तो हसला, पण इस्त्री तापवल्यासारखा सोल्डरिंगची गन तापवत बसला. जुन्या गाडीतल्या निम्म्या कटकटी अशा पिळलेल्या जोडांच्या असतात, उरलेल्या उंदरांच्या.

रिमोट जुना असता तर मी घेतलाच नसता. सुरुवातीचे रिमोट दर वेळी एकच कोड पाठवायचे. कुणी तो हवेतून टिपला की गाडी त्याची. दर दाबणीला बदलणारा कोड हा त्यावरचा उपाय. त्यातली गाजलेली 'कीलॉक' पद्धत १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५मध्ये मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने एक कोटी डॉलरला विकत घेतली.

आता तो प्रश्न. सायरन हा माझ्या मते दिखावा. तो सहा चालींचा कोलाहल ऐकून डोंबिवलीत कुणीही गॅलरीत येत नाही. आलाच तर मालकाला शिव्या घालायला. गाडी अडवतो तो आत लपलेला मुका रिले. एमपीएफआय, म्हणजे इंधन इंजेक्शनची, गाडी असती तर पेट्रोल पंपाची वायर तोडता आली असती. कार्ब्युरेटरवाल्या ८००त पंप इंजिनच्या जोरावर चालतो, म्हणून दोनच वाटा. कॉइलची वायर रिलेतून नेली तर ठिणगीच बंद. पण रिलेचा जोड सैल झाला की चालती गाडी शीळफाट्याच्या ट्रकांमध्ये मरायची. स्टार्टरची वायर तोडली तर धावत्या गाडीला धोका नाही, मात्र चोराला धक्का मारून ती चालू करता येते.

"आणि काका, डोंबिवलीत गाडीला धक्का मारणाऱ्याला कोण अडवतो?" खालून आवाज आला. "उलट दोघं मदतीला येतात."

पटलं, तरी मी स्टार्टरच सांगितलं. वर एक गियर लॉक घेतलं.

विम्याचा हिशेबही तिथेच काढला. मोटार विम्याच्या २००२च्या दरपत्रकात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्राला सवलत होती: स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. माझ्या गाडीची किंमत पाहता त्यात वडापावही धड झाले नसते.

शेवटी शॉक सेन्सर. वायरमन काचेवर थाप मारायचा, पेच पाव फिरवायचा, पुन्हा थाप. बुलेट गेली तर ओरडू नये, काच फुटली तर ओरडावा, यांच्यामधली जागा त्याने कानाने शोधली. दिवाळी पहाटेला फडके रोडच्या आसपास सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा गल्लीतल्या साऱ्या गाड्या कोकलल्या, त्यात माझीही होती.

पण खरा हिशेब नंतर कळला. पहारा करणारा डबा झोपत नाही. २५ मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला ०.६ अँपिअर-तास पितो. म्हणजे महिनाभरात १८, आणि बॅटरी ३५ची. मी पाच आठवडे गावाला होतो. परत आल्यावर रिमोट दाबला, इंडिकेटर मिणमिणले, कुलपं उघडली. किल्ली फिरवली तर स्टार्टरने नुसतं कट्कट् केलं.

गियर लॉक काढलं, गाडी न्यूट्रलला घातली आणि दाराला खांदा लावला. पाच पावलांत मागून दोघं आले, डिकीला हात लावून "दुसऱ्यात टाका!" म्हणून ओरडले. मी उडी मारून आत बसलो, क्लच सोडला, गाडी आचके देत पेटली. आरशात पाहिलं. दोघं हात झटकत स्टेशनच्या दिशेने निघाले होते. त्यांच्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो, आणि गाडी कुणाची हे त्यांनीही विचारलं नव्हतं.